निळ्या खड्यांची बरणी

“मास्तरीणबाई, एक सांगू का? गोळ्यांच्या बरणीत हे नका घालू. मी दुसरी देते. हिला पोरांचे हात ओळखतात.”

जतनबाई असं म्हणाल्या होत्या. कागदाच्या पुडीत मोरचूद बांधता बांधता त्या थांबल्या आणि त्यांनी बाईंच्या पिशवीतून डोकावणाऱ्या बरणीकडे बोट दाखवलं. भिरूडबाई हसल्या. “आजी, धुतली की काच ती काच. तिला काय आठवतंय आधी काय होतं ते?”

“काचेला नसेल आठवत,” जतनबाई म्हणाल्या. “पोरांना आठवतं ना.”

“अहो, माझ्या वर्गातली पोरं शहाणी आहेत.” एवढं बोलून बाईंनी पुडी माझ्याशेजारी पिशवीत टाकली आणि त्या शाळेच्या रस्त्याला लागल्या.

मित्रांनो, ती बरणी म्हणजे मी. आता जुनी झाले आहे. माझ्या झाकणाला गंज चढला आहे आणि तळाशी निळसर वर्तुळ राहिलं आहे, ते कशानेही निघत नाही. पण मी काही अशी जन्मले नव्हते. माझा जन्म भट्टीत झाला. वाळू वितळून तिचा लाल रस झाला, तो फुंकणीच्या टोकावर आला, एका माणसाने गाल फुगवून फुंकर घातली आणि मला पोट आलं. त्या फुंकरीतला एक छोटा बुडबुडा माझ्या भिंतीत अडकून राहिला. गवतात गुंडाळून मला आगगाडीत घातलं, धरणगावच्या स्टेशनावर उतरवलं आणि तिथून बैलगाडीने या गावात आणलं. सुगनचंद शेठच्या किराणा दुकानात, गल्ल्याच्या बाजूला, मी बसले.

माझ्यात लिमलेटच्या गोळ्या असत. नारंगी, पिवळ्या, हिरव्या. सुगनचंद शेठची आई जतनबाई रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसत. पोरं यायची ती दुकानाकडे न बघता आधी माझ्याकडे बघायची. तेल, मीठ, काडेपेटी असं घरून सांगितलेलं घ्यायचं आणि मग माझ्या काचेला नाक लावून उभं राहायचं. काचेवर नाकाचे गोल ठसे उमटायचे. शेठ ओरडायचे, “ए, हटा! काच घाण करून टाकली.” जतनबाई मात्र कधीकधी झाकण फिरवून एखादी फुटकी गोळी हातावर ठेवत. त्या झाकणाचा किर्र असा आवाज आला की गल्लीतली पोरं खेळ सोडून येत. मला तो आवाज फार आवडायचा. आपल्याला कुणी आवाजावरून ओळखावं, याहून मोठं सुख एका बरणीला काय असणार?

मग भिरूडबाई आल्या. प्रमिला भिरूड त्यांचं नाव. जळगावच्या कॉलेजात विज्ञान शिकून त्या आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत लागल्या होत्या. घरी तान्ही मुलगी होती. तिला शेजारच्या आजीबाईंकडे ठेवून त्या शाळेत येत, आणि मधल्या सुट्टीत धावत जाऊन बघून येत. झुलाल गुरुजी मुख्याध्यापक होते. त्यांच्या मते विज्ञान म्हणजे पुस्तकातला धडा, तो पोरांनी मोठ्याने वाचायचा आणि पाठ करायचा. बाईंना ते पटत नव्हतं. “गुरुजी, हाताने केलं तरच कळतं हो,” त्या म्हणत. गुरुजी पान लावत म्हणत, “करा. काही फुटलं-सांडलं तर तुमचं तुम्ही बघा.”

बाईंनी दुकानातून मला मागून नेलं. शेठनी आनंदाने दिलं. शाळेसाठी आपली वस्तू गेली याचा त्यांना अभिमान वाटला. मलाही वाटला. शाळेच्या खोलीत, खिडकीपाशी, टेबलावर मी बसले. पोरं आत आली आणि एकच गलका झाला.

“अरे, हाई ते गोळ्यासनी बरणी शे!”

“बाई, गोळ्या देतीस का?”

बाई म्हणाल्या, “देईन. पण आधी तुम्ही करायच्या.”

मग त्यांनी माझ्यात गरम पाणी ओतलं. हळूहळू. मी तडकू नये म्हणून आधी थोडं कोमट घालून मला शेकवून घेतलं. इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं. पाण्यात साखर घातली, आणखी घातली, विरघळायची थांबली तेव्हा थांबल्या. माझ्या तोंडावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्या आडव्या ठेवल्या. प्रत्येक काडीला पोरांनी स्वतःचा दोरा बांधला आणि ओळख पटावी म्हणून दोऱ्याला स्वतःची गाठ मारली. कुणाची दुहेरी, कुणाची फुलासारखी. तानूने आपल्या दोऱ्याला परकराच्या काठाची लाल चिंधी बांधली.

तानू हिलालची मुलगी. हिलाल आणि त्याची बायको ताईबाई शाळेसमोरच्या जिनिंगच्या आवारात कापूस निवडायला जात. तानूच्या कडेवर नेहमी तिचा धाकटा भाऊ पुना असे. शाळेतही ती त्याला घेऊन यायची. तो दाराशी मातीत बसायचा. गुरुजी रागवायचे, बाई रागवायच्या नाहीत. तानूला प्रश्न फार पडायचे. दोऱ्यांवर खडीसाखरेचे खडे धरले तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती माझ्या काचेला नाक लावून म्हणाली, “बाई, साखर ते पानीमा गई व्हती. आते परत कथाईन उनी?”

बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यांनी तिला टेबलाजवळ ओढलं आणि सगळं समजावलं. पोरं आपापला दोरा घेऊन घरी गेली. तानूने आपला खडा दाराशीच फोडून पुनाच्या तोंडात घातला. तो चोखत राहिला आणि हसत राहिला.

पुढे साहेब तपासणीला आले. माझ्या तळाशी अजून खडीसाखर धरलेली होती, त्यांनी मला उचलून उजेडात धरलं. “वा! खेड्यातल्या शाळेत हे? होळीनंतर केंद्राच्या शाळेत मेळावा आहे, तिथे काहीतरी रंगीत करून आणा बाई. लोकांच्या डोळ्यांत भरेल असं.” गुरुजींनी लगेच सांगितलं की कल्पना मूळ त्यांचीच. पण त्या दिवशी बाई चालताना गुणगुणत होत्या.

म्हणून मोरचूद आलं. शेतकरी पिकावर फवारायला नेतात, ते निळं मोरचूद. जतनबाईंचं बोलणं तुम्हाला सांगितलंच आहे.

बाईंनी तेही पाणी गरम करून माझ्यात ओतलं. पोरांना म्हणाल्या, “लांब राहा. हात लावू नका, पाणी सांडेल.” ढवळलं त्यांनीच. हे काय आहे, कशाला वापरतात, तोंडात गेलं तर काय होतं, हे सगळं त्या शेवटच्या दिवशी सांगणार होत्या. असं त्या गुरुजींना म्हणाल्याही होत्या. “आधी पोरांना नुसतं बघू दे. भीती आधी घातली की बघणं राहून जातं.” मलाही ते पटलं होतं. मित्रांनो, मला तेव्हा माझ्या पोटातला रंग आवडत होता. सकाळी ऊन खिडकीतून यायचं आणि भिंतीवर निळा डाग हलायचा. पोरं त्या डागात हात धरून बघायची. दोऱ्यांवर निळे खडे धरले. इतके सुंदर खडे त्या गावात कुणी पाहिले नव्हते. तानूचा सगळ्यांत मोठा होता.

होळीच्या आदल्या दिवशी बाईंचा तो शेवटचा तास होता. मेळाव्यासाठी मोठे खडे ठेवून बाकीचे पोरांना दाखवायचे, सगळं सांगायचं आणि मग परत घ्यायचे, असं ठरलं होतं. बाईंनी दोरे बाहेर काढून फडक्यावर मांडले. तेवढ्यात आजीबाईंचा निरोप घेऊन कुणीतरी दारात आलं. मुलगी तापाने फणफणली आहे, डोळे पांढरे करते आहे, लगेच चला.

बाईंचा हात फडक्यावरच थबकला. मग त्या घाईघाईने म्हणाल्या, “बरं, बरं. उद्या सुट्टी आहे. आपापला खडा घरी न्या, आईला दाखवा.” पोरांनी एकदम हात घातले. बाई दाराबाहेर गेल्या. पायातली एक चप्पल निसटली, ती त्यांनी हातातच घेतली आणि पळत सुटल्या.

एवढंच त्या बोलल्या. मी टेबलावरच होते. त्यांच्या तोंडून आणखी एक शब्दही आला नाही.

आमच्याकडे होळीला लहान लेकरांच्या गळ्यात साखरेचा हार घालतात. गुलाबी, पांढऱ्या पदकांचा हार आणि हातात साखरेचं कडं. ते मामाने पाठवायचं. लेकरं दिवसभर मिरवतात आणि मिरवता मिरवता खाऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत पोरं लाकडं आणि गोवऱ्या रचत होती. सगळ्यांच्या गळ्यात हार होते. खिडकी उघडी होती, मला सगळं दिसत होतं.

पुनाचा मामा त्या वर्षी आला नव्हता. पुना मुसमुसत होता. तानूने लाल चिंधीचा दोरा त्याच्या गळ्यात बांधला. “रडू नको. मामा उना नही ते काय? हाऊ मी तुले हार करी दिधा. असा हार कोनाकडेच नही.” त्याने मान खाली घालून बघितलं. उन्हात तो खडा चमकला. पुना हसला. मग ताईबाईने हाक मारली, गोवऱ्या आणायला तानू गेली, आणि पुना एकटाच पोरांत गेला.

“मनाबी हार शे,” तो म्हणाला.

मोठ्या पोरांनी त्याला घेरलं. “हाऊ काय हार शे? दगड शे दगड!”

“हार शे! मना ताईनी करा.”

“मामानी नही दिधा म्हनीसन दगड बांधी दिधा. दगडना हार! दगडना हार!”

ते त्याच्याभोवती फिरत ओरडत होते. त्यांच्यातला एक जण, तोंडात साखरेचं पदक असलेला, खाली वाकून म्हणाला, “खरा हार शे ना? मंग खाईसन दखाड.”

मित्रांनो, त्या पोरांनीही वर्गात ते निळे खडे धरताना बघितले होते. त्यांच्या खिशात त्यांचेही खडे होते. पण त्यांनाही तो दगडच वाटत होता, आणि लहान पोराला दगड चावायला लावायची गंमत त्यांना करायची होती. पुनाने खडा तोंडात घातला. त्याचं तोंड वाकडं झालं. पोरं हसली. “थुक, थुक! हरना!” तेव्हा त्याने थुंकलं नाही. ओठ घट्ट मिटले, चावलं, आणि गिळलं. सगळ्यांना तोंड उघडून दाखवलं. जीभ निळी झाली होती.

तानू परत आली तोवर तो ओकत होता.

त्याला बैलगाडीतून धरणगावला नेलं, तिथून पुढे जळगावला. ताईबाई गाडीत त्याला मांडीवर घेऊन बसली होती आणि हिलाल बैलांना मारत होता. इतकं मारताना मी कुणाला पाहिलं नाही. तानू गाडीमागे पळत होती, तिला कुणी वर घेतलं नाही. पुना परत आला तो कापडात गुंडाळून.

बाईंची मुलगी वाचली. तिचा ताप उतरला होता.

मग साहेब आले. तेच साहेब, मला उजेडात धरून ‘वा’ म्हणणारे. ते येण्याआधी झुलाल गुरुजींनी पोरांना ओळीने बसवलं. हातात छडी होती. “साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं? बाईंनी सांगितलं होतं, हे विष आहे, खाऊ नका. काय सांगितलं होतं?”

“हे विष आहे, खाऊ नका.”

“मोठ्याने.”

“हे विष आहे! खाऊ नका!”

पाढे म्हणावेत तशी पोरं म्हणत होती. काही जण हलत हलत म्हणत होती, पाढ्याच्या वेळी हलतात तशी. हे वाक्य बाईंनी ज्या दिवशी म्हणायचं होतं त्या दिवशी म्हटलं असतं, तर ते एकदाच पुरलं असतं. भिरूडबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मला वाटलं, आता त्या बोलतील. आता बोलतील.

साहेबांनी विचारलं. पोरांनी सांगितलं. साहेब बाईंकडे वळले. “तुम्ही सांगितलं होतं ना?”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “सांगितलं होतं.”

तेव्हा कोपऱ्यातून तानूचा आवाज आला. ती बापाशेजारी उभी होती. “बाईनी काहीच सांगं नही. बाई म्हन्यात, घर लई जा, मायले दखाडा.”

साहेबांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी हसले, मोठी माणसं लहानांच्या बोलण्यावर हसतात तसे. “घाबरली आहे पोर. तिनंच भावाच्या गळ्यात बांधलं ना.”

हिलालने तिला कानाखाली मारली. ती माझ्या टेबलावर आदळली, मी हलले. “गुरुजी खोटं बोलतीन, बाई खोटं बोलतीन, बठ्ठा पोरे खोटं बोलतीन, आन् तू एकली खरी? खादा मना पोऱ्या, वरथून खोटं बोलस?”

“बाबा, बाईनी सांगं नही…”

त्याने पुन्हा मारलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचे डोळे मिटलेले असताना त्याने तिसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा साहेब म्हणाले, “जाऊ द्या, झालं.” आणि झालं. चौकशी संपली.

बाईंची बदली झाली. माहेराजवळ मिळाली म्हणतात. जाताना त्या माझ्याकडे बघून गेल्या. दुकानात मला कुणी परत नेलं नाही, आणि शाळेत मला कुणी फोडलंही नाही. गुरुजींनी कपाटावर वरच्या झरोक्याशी ठेवून दिलं. हाताने करायचं विज्ञान बंद झालं. पोरं पुन्हा धडा मोठ्याने वाचू लागली.

झरोक्यातून जिनिंगचं आवार दिसतं. तानूला शाळेतून काढलं आणि तिथे बसवलं. कापसातली पत्ती, कचरा वेचायचा. मोसम आला की मला ती दिसायची. बाया जेवायला घोळक्याने बसत, ती पलीकडे पाठ करून बसे. तिच्या हातचं कुणी घेत नसे. एकदा एका बाईने भाकरीचा तुकडा तिच्याकडून घेतला, तर दुसरी म्हणाली, “अवं, तिना हातनं खास? इसरनी का?” आणि सगळ्या हसल्या. घेणारीने तो तुकडा मातीत टाकला.

ताईबाईला पुढे आणखी एक मुलगा झाला. त्याला ती आवारात झोळीत ठेवते. झोळी रडली की तानूचा हात आपोआप दोरीकडे जायचा. “त्याले हात लावू नको,” ताईबाई म्हणायची. ओरडायची नाही. कामातून मान वर न करता, रोजच्या आवाजात म्हणायची. तानू हात मागे घ्यायची. मग बाळ कितीही रडलं तरी ती त्या बाजूला बघायची नाही.

शाळेतली नवी पोरं, ज्यांनी पुनाला कधी बघितलंही नाही, कुंपणाशी जाऊन ओरडतात, “तानूताई, काही खावाले देस का?” आणि पळतात. सुरुवातीला ती त्यांच्यावर खडे भिरकवायची. एकदा उठून कुंपणापर्यंत आली आणि ओरडली, “बाईनी सांगं नव्हतं! मी खोटं बोलस नही!” दर मोसमात ती हे कधी ना कधी ओरडायची. मला तिचा आवाज ऐकू आला की बरं वाटायचं. आता ती मोठी झाली आहे, तुमच्या मोठ्या बहिणीएवढी असेल.

या मोसमात ती ओरडली नाही. गेल्या बाजाराच्या दिवशी दोन लहान मुली कुंपणाशी गेल्या. त्या चिडवायला गेल्या नव्हत्या. त्यांना खरोखर कळून घ्यायचं होतं. एकीने विचारलं, “तुले बाईनी सांगेल व्हतं ना, विष शे म्हनीसन?”

तानू कापूस वेचत होती. हात थांबला नाही.

“हां,” ती म्हणाली. “सांगेल व्हतं. मीच आयकं नही.”

मित्रांनो, मी काच आहे. मला आवाज नाही. बाई खोटं बोलल्या तेव्हा मी तडकले नाही, हिलालच्या माराने ती माझ्या टेबलावर आदळली तेव्हाही तडकले नाही. पण त्या दिवशी ती हे म्हणाली तेव्हा माझ्या भिंतीत जिथे तो जन्माचा बुडबुडा आहे, तिथून मला वाटलं, आता मी फुटेन. त्या खोलीत खरं बोलणारी ती एकटीच होती. इतकी वर्षं तिने ते धरून ठेवलं होतं. मार खाऊन, आपली भाकरी मातीत पडलेली बघून. आता तेही तिच्याकडे राहिलं नाही.

त्यानंतर ती आवारात आलेली नाही. तिची जागा रिकामी आहे. ताईबाई येते, हिलाल येतो, झोळी येते. तिच्याविषयी कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. बरण्या पुसून ठेवा, औषधं उंचावर ठेवा, हे मी तुम्हाला सांगितलं असतं. ते तुम्हाला घरी सगळे सांगतील. मला दुसरंच मागायचं आहे. तुमच्यापैकी कुणी धरणगावच्या रस्त्याने जाणार असेल, तर जिनिंगच्या मागे जा. पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, त्यातली शेवटची हिलालची. दार लोटलेलं असेल तरी हाक मारा. ती बाहेर आली तर तिला सांगा, बाई काहीच बोलल्या नव्हत्या, हे आम्हाला माहीत आहे. हाकेला ओ आली नाही तर परत फिरू नका. मोठ्या माणसांना बोलवा, दार उघडायला लावा, आणि आत जाऊन बघा.